पावसाळ्यात रंगवलेले मातीचे दागिने चिकट व्हायलेत, वर पांढरं येतंय, काय करू?

वडगावची_मातीवाली

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात वडगावला असते, घरात मागच्या खोलीत जिथं आधी सासऱ्यांचा माग होता तिथं आता माझं टेबल, रंग, ब्रश असा सगळा पसारा आहे, स्टुडिओ म्हणायला लाज वाटते पण पोरं तेच म्हणतात. मातीचे दागिने करते, म्हणजे कानातले, पेंडंट, आणि गौरीसाठी छोटे हार, बाजूबंद, कमरपट्टा असं. माती खानापूरकडच्या एका कुंभारकाकांकडून आणते, भाजून पण तिथंच त्यांच्या आव्यात घेते, नंतर घरी अ‍ॅक्रेलिकनं रंगवून वार्निश मारते.

उन्हाळ्यात कधी काही तक्रार नाही. पण मृग लागला की सुरू. वार्निश हाताला वाळल्यासारखं लागतंय पण दोन नग एकमेकावर ठेवले की चिकटून बसतात, सोडवताना रंग निघून येतोय. काहींवर पांढरट धुरकट थर येतोय. आणि काहींच्यावर तर रंगवून झाल्यावर आठवड्यानं बारीक टवका उडतोय, खाली खळगा दिसतोय. यंदा मंगाईच्या यात्रेत स्टॉल लावायचं म्हणून माल करून ठेवला होता त्यातला बराच असाच गेला. आता गौरीच्या ऑर्डरी आहेत, पुण्याहून आणि कोल्हापुरातून पण आहेत, त्या तरी नीट जायला हव्यात.

दोन कंपन्यांचं वार्निश बदलून बघितलं, काही फरक नाही. कुणी म्हणतं स्प्रेवालं घे, कुणी म्हणतं ऑइल पेंट वापर. आमच्यात कुणी हे करत नाही त्यामुळं विचारायला माणूसच नाही. आणि अजून एक, किमतीचं पण जरा सांगा, गौरीचा सेट मी सहाशेला देते, पण कानातले हळदीकुंकवाला घेऊन गेले की बायका म्हणतात दोनशे रुपये कशाचे, माती तर फुकटची.

टिळकवाडी_77

वार्निश चांगल्या कंपनीचं घ्या, स्वस्तातलं घेऊ नका. बाकी फोटो टाका की.

खानापूर_चाकावरचा

फोटोची गरज नाही, ताईंनी लिहिलंय त्यातच सगळं आलंय. आमच्या घरात चाक आहे, मी स्वतः आता नोकरी करतो पण आव्याच्या कामात अजून असतो, म्हणून सांगतो. ताई, तुमच्याकडं एक नाही तीन वेगळ्या भानगडी आहेत आणि तुम्ही तिन्हीवर वार्निशचाच इलाज शोधूलालाय. वार्निश बदलून यातलं एकही जाणार नाही.

पहिलं ते टवके उडतात ते. पुढचा टवका उडाला की खळग्यात बघा, तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो का. दिसला तर ती चुनखडी. मातीत चुनखडीचा बारीक खडा राहिला की आव्यात तो भाजून कळीचा चुना होतो, आणि मग पावसाळी हवेतलं पाणी ओढून हळूहळू फुगतो, फुगला की वरची माती रंगासकट ढकलून देतो. म्हणून लगेच होत नाही, आठ दहा दिवसांनी होतंय, आणि उन्हाळ्यात कोरड्या हवेत कळत पण नाही. खानापूरच्या लाल मातीत चुनखडी सहसा नसते, पण हल्ली तळ्याची, शेताची माती मिसळतात आणि गोकाक, अथणीकडच्या काळ्या रानात तर चुनखड भरपूर, तसली माती थोडी जरी आली तरी पुरते. काकांना विचारा कुठली मिसळली. घरी बघायचं असलं तर कच्च्या वाळलेल्या मातीवर व्हिनेगर नाहीतर लिंबू पिळा, बुडबुडे आले तर चुना आहे.

उपाय म्हणजे माती पातळ कालवून साडीच्या जुन्या तुकड्यातून गाळून घ्यायची, मडक्याला चालते ती जाडी चाळण कानातल्याला चालत नाही. भाजून आणलेला माल तसाच पडून असेल तर तो रंगवायच्या आधी पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, रात्रभर. जो उडायचा तो खडा तिथंच उडतो नाहीतर विरतो, आणि जे नग शाबूत राहिले ते मग नीट वाळवून रंगवा. वीटभट्टीवाले पण चुन्याच्या विटा अशाच बुडवतात.

ह्याच पाण्यात तुमची दुसरी परीक्षा पण होते. बुडवलेला नग सकाळी नखानं खरवडून बघा, मऊ पडला, पाण्यात लाली सुटली तर तो भाजलाच नाही नीट. आव्यात मोठ्या मडक्यांच्या फटीत बारीक माल कुठंतरी कडेला सरकवून ठेवतात, तिथं ताव पोचत नाही. माती पक्की व्हायला 600 अंशाच्या वर जावं लागतंय, चांगला आवा 700-800 ला जातो. कच्च्या भाजलेल्या नगावर कुठलाही रंग टिकत नाही, तो वर्षभर हवेतलं पाणी पीत राहतो. काकांना सांगून तुमचा माल एका झाकणाच्या मडक्यात घालून मधोमध ठेवून घ्या. चांगला भाजलेला नग दुसऱ्यावर हलका आपटला की टण्ण वाजतो, कच्चा थप्प करतो.

कुणी घरच्या ओव्हनमध्ये भाजा म्हणेल तर ऐकू नका. तो 250 च्या वर जात नाही, त्यात माती फक्त वाळते. परसात शेणी आणि भाताचा कोंडा लावून छोटा आवा करता येतो, पण वडगावच्या गल्लीत तेवढा धूर कोण सहन करणार, आणि पावसात ओल्या शेणीनं ताव धरत नाही. काकांकडंच बरं.

एक मात्र मनात आलं म्हणून सांगतो. धूर कोंडून भाजलं तर हीच लाल माती काळी कुळकुळीत होते, भाजायच्या आधी गुळगुळीत दगडानं घासली तर चकाकते सुद्धा, वर ना रंग ना वार्निश. लाल काळ्याची जोडी गौरीला काय दिसेल! पावसाळ्यापुरता तसला माल करून बघा, चिकटण्याचा प्रश्नच संपला. वार्निश मारलेली माती मला स्वतःला आवडत नाही, प्लॅस्टिकसारखी दिसते, पण तो माझा विचार झाला.

ब्रश_आणि_बोर

वरच्या दादांनी मातीचं सांगितलं त्याला तोड नाही, पण शेवटचं वाक्य मला पटलं नाही. रंगकाम हेच ताईंचं काम आहे, ते सोडून काळं भांडं करा म्हणणं सोपं आहे. गौरीला हिरवा, लाल, पिवळा लागतो, काळा बाजूबंद कोण घालणार गौरीला? आमच्या आईनं तर दारातून परत पाठवला असता.

मी चित्रकला शिकवते, रंगाच्या बाजूनं सांगते.

चिकटण्याचं कारण असं की पाण्यातलं अ‍ॅक्रेलिक वार्निश वरून तासाभरात वाळतं पण आतून पक्कं व्हायला आठवडे घेतं, आणि आपल्याकडं जुलै ऑगस्टमध्ये हवाच ओली म्हटल्यावर आतलं पाणी जाणार कुठं. त्यात ग्लॉसवालं असेल तर ते मुळातच जरा मऊ राहतं, मॅट कमी चिकटतं. म्हणून पावसाळ्यात मॅट घ्या, एक जाड हात मारू नका, दोन पातळ हात मारा आणि दोन्हीत एक अख्खा दिवस जाऊ दे. आणि मारायच्या आधी नग कोरडा पाहिजे, नुसता हाताला कोरडा लागतो तसा नाही. मी पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत पिवळा 60 वॅटचा बल्ब लावते, वरच्या बाजूला जाळीवर नग ठेवायचे, झाकण जरा उघडं, रात्रभर. बल्बच्या जवळ कागद, कापड काही नको आणि घरात कुणी जागं नसेल तर लावून झोपू नका. रंगवायच्या आधी एक रात्र आणि वार्निशनंतर दोन तीन रात्री. एलईडीचा उपयोग नाही, तो तापत नाही.

मागची बाजू विसरू नका. बरेच जण पुढून तीन हात वार्निश आणि मागून कोरी माती ठेवतात. मग मागून ओल आत जाते आणि पुढून निघायला वाट नाही, ती रंगाला आतून ढकलते. कानातलं तर घामाला लागतं. दोन्हीकडून मारा, भोकाच्या आतल्या कडेला पण.

पांढऱ्याचं दोन प्रकारचं असतं. ओलं बोट फिरवा. पांढरं गायब झालं आणि वाळल्यावर परत आलं तर ते मातीतलं नाहीतर पाण्यातलं क्षार, बोअरचं पाणी वापरत असाल माती कालवायला तर ते आधी बंद करा, पावसाचं पाणी धरा, फुकट आहे. बोट फिरवून काहीच झालं नाही तर मग ते वार्निशचं, विशेषतः स्प्रेचं. स्प्रेतला थिनर उडताना नग गार पडतो आणि ओल्या हवेतलं पाणी त्यावर बसतं, ते आत अडकून धुरकट दिसतं. म्हणून जे तुम्हाला स्प्रे घ्या म्हणतात त्यांनी पावसाळ्यात तो मारून बघितलेला नाही. स्प्रे मारायचाच तर दुपारी उघाड असेल तेव्हा, नग बल्बखाली किंचित कोमट करून, आणि खोलीत नाही, परसात. त्याचा वास डोक्यात जातो, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

ऑइल पेंटचं म्हणाल तर नको. वाळायला त्याला अजून वेळ लागतो, शिवाय जुने डबे कुणाकडं पडलेले असतात ते तर अजिबात नको, विशेषतः पिवळा आणि शेंदरी. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागात 90 भाग) मर्यादा 2017 च्या शेवटी लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय आहे कोण सांगणार. कानातलं पोरी तोंडात घालतात.

आपल्या भागात हे काम नवीन नाही बरं का. गोकाकची लाकडी खेळणी, फळं, कोप्पळकडची किन्हाळची बाहुली, आंबोली उतरून गेलं की सावंतवाडीचा गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, सगळ्यांना हाच पाऊस आणि हाच रंग. गंजिफाला खाली चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून अस्तर देतात आणि मग रंग. अस्तराशिवाय रंग द्यायचाच नाही हा त्यांचा नेम, तुम्ही पण मातीवर थेट रंग देत असाल तर आधी जेसोचा (रंगाखाली द्यायचं तयार पांढरं अस्तर) नाहीतर पांढऱ्या अ‍ॅक्रेलिकचा पातळ हात द्या, रंग कमी पण लागतो. चिंचोक्याची खळ मात्र तुम्ही वापरू नका, पावसात बुरशी धरते, आणि बुरशी नको म्हणून खळीत मोरचूद घालतात ते विषारी, अंगावर घालायच्या वस्तूला चालणार नाही.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. बटर पेपर मध्ये घालून, आडवे, एकावर एक नाही. ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतात त्या डब्यात टाका, ओल्या झाल्या की परत तापवून वापरता येतात. वार्निश पूर्ण पक्कं झाल्यावर फर्निचरचं मेण अगदी बोटावर घेऊन चोळलं तर चिकटणं अजून कमी होतं.

वडगावची_मातीवाली

किती लिहिलंय तुम्ही दोघांनी, खरंच आभार. आज संध्याकाळी कच्च्या मातीवर लिंबू पिळलं आणि बारीक फसफसली!! म्हणजे चुना आहेच. काकांना फोन केला तर म्हणाले पावसात खाण बंद म्हणून दुसरीकडची मिसळली होती. भाजलेले सगळे नग बादलीत बुडवून ठेवलेत.

पांढऱ्याला ओलं बोट लावलं तर काहींवर गेलं, काहींवर नाही गेलं. म्हणजे दोन्ही आहे माझ्याकडं 😅 पाणी बोअरचंच आहे.

काळ्याचं मला आवडलं आहे दादा, गौरीला नाही पण कॉलेजच्या पोरींना कानातले म्हणून करून बघते. आणि मॅडम, एक विचारायचं राहिलं, वाळलेले कच्चे नग मी पॉलिश पेपरनं घासते गुळगुळीत करायला, ते बरोबर आहे ना?

ब्रश_आणि_बोर

कोरडं घासू नका. ती धूळ डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक असते आणि फुफ्फुसात बसते, मागच्या खोलीत खिडकी एकच असेल तर जास्तच. ओल्या स्पंजनं पुसून गुळगुळीत करा, भाजायच्या आधी. घासायचंच तर मास्क लावून, परसात, आणि नंतर झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

निपाणीकर_वैनी

किमतीवर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते.

हळदीकुंकवाला माल नेऊ नकोस बाई. तिथं बायका वाण घ्यायला येतात, विकत घ्यायला येत नाहीत, तिथं प्रत्येक वस्तू वाटी नाहीतर चमच्याच्या भावात मोजली जाते. मी पिशव्या शिवते, निपाणीत दुकानं आहेत माझ्या ओळखीची, तिथं ठेवते, आणि जी पिशवी हळदीकुंकवाला शंभरला घासाघीस करून मागतात तीच दुकानातून दोनशे पन्नासला न विचारता जाते. जागा बदलली की वस्तू बदलते.

माती फुकटची म्हणणारीला उत्तर द्यायचं नाही. तिच्या हातात एक कच्चा मातीचा गोळा द्यायचा आणि म्हणायचं घे की मग, हा फुकट. मी असं पिशवीच्या कापडाचं करते, लगेच गप्प बसतात.

किंमत काढताना माल किती लागला हे शेवटी बघ. आधी तुझे तास. किती तास गेले आणि तासाला निदान शेतमजुरीइतकं तरी धर, तू ब्रश धरतेस म्हणून कमी धरायचं कारण नाही. मग माती, रंग, भाजायचे काकांचे पैसे, हूक, डबी, आणि जे फुटलं, चिकटलं, टवके उडालेलं त्याचा पण वाटा चांगल्या नगांवर यायला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात तू घरचे घालून विकतेस असं होतं. आणि दुकानात ठेवणार असशील तर दुकानदाराचा तिसरा हिस्सा तरी आधीच धर, नंतर धरायला गेलीस तर तुझ्याच खिशातून जातो. हे सगळं धरून दोनशेच्या खाली येतच नाही बघ. सहाशेचा गौरीचा सेट म्हणजे मला तर कमीच वाटतोय.

आणि गौरीचा सेट आणि कानातले एकाच टेबलावर एका भावात मांडू नको. गौरीचं माणूस वर्षातून एकदा घेतं आणि मनातून घेतं, तिथं कुणी जास्त घासत नाही.

डबीत छोटं कार्ड घाल, मराठी आणि कन्नड दोन्हीत, पाण्यात भिजवू नये, अत्तर मारू नये एवढं लिहून. आपल्याकडं घेणारी कधी कुठली असते सांगता येत नाही, गोव्याची पण येते शनिवार रविवार.

हिशेबी_चिक्कोडी

ताईंनी पुणे, कोल्हापूरच्या ऑर्डरी म्हटलं म्हणून लिहितोय, नंतर त्रास नको.

आपण कर्नाटकात असल्यानं बिदरला माल पाठवला तर तो राज्यातला आणि पलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला पाठवला तर तो परराज्यातला. हसू येतं पण जीएसटी असाच बघतो. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखापर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर विकलं की साधारण नोंदणी लागते, पण हातानं केलेल्या हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना सूट आहे, वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखाच्या आत असली तर. मातीच्या वस्तू आणि हातानं केलेले नकली दागिने त्या यादीत येतात. ह्या सवलतीला अट अशी की पॅन पाहिजे आणि माल पाठवताना ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) करायचं, ते 50 हजाराच्या खालचा माल असला तरी, हे लोक विसरतात.

मोठ्या ऑनलाइन साइटवर दुकान टाकायचं असलं तर मात्र गोष्ट वेगळी, नोंदणीशिवाय तिथं फक्त आपल्या राज्यातच विकता येतं, तेही 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालंय. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेताय तोपर्यंत हा प्रश्न नाही. एकदा सीएला कागद दाखवून यादीतला आपल्या वस्तूचा जीएसटी कोड कुठला लागतो ते लिहून घ्या, दरवेळी बिलावर तोच टाका.

कारागिराचं पहचान कार्ड काढलं नसेल तर काढा, केंद्राच्या हस्तकला खात्याचं असतं. सरकारी मेळाव्यात स्टॉल मागताना तेच आधी विचारतात.

वडगावची_मातीवाली

ई-वे बिलाचं तर स्वप्नात पण नव्हतं 🙈 उद्याच सीएकडं जाते.

वैनी, मातीचा गोळा द्यायची आयडिया भारी आहे, पर्समध्ये घेऊनच फिरते आता.

बादलीतले नग काढले सकाळी. काही उडाले, दोन तीन तर अक्षरशः चिखल झाले, म्हणजे ते कच्चेच होते. बाकीचे टण्ण वाजतायत. ट्रंक माळ्यावर आहे, बल्ब मात्र पिवळा कुठं मिळेना, खडेबाजारात विचारलं तर सगळीकडं एलईडीच.

शेवटचं एक. एका मुलीचा कान लाल झाला म्हणून तिच्या आईनं सेट परत केला, वार्निशमुळं असेल का?

ब्रश_आणि_बोर

वार्निशपेक्षा हूक आधी बघा. जर्मन सिल्व्हरचा आहे का? त्यात चांदी नावाला पण नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलनं कान लाल होणं अगदी नेहमीचं. सर्जिकल स्टीलचे हूक घ्या, जोडीमागं थोडे पैसे जास्त जातात, ते किमतीत धरा. त्या आईला हूक बदलून सेट परत द्या, आणि मुलीचा कान पूर्ण बरा होईपर्यंत घालायचा नाही म्हणून सांगा.

पिवळा बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात नाही मिळाला तर पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडं विचारा, पिल्लांना ऊब द्यायला अजून तेच वापरतात.

खानापूर_चाकावरचा

काकांचा पुढचा आवा कधी आहे ते आत्ताच विचारून ठेवा ताई. गौरीच्या आधी सगळ्यांचाच माल असतो, मधली जागा आधी सांगणाऱ्याला मिळते.